पांढरं जातं, म्हणजे नेमकं काय जातं?

डहाणू-तलासरीकडच्या सरकारी दवाखान्यात बाई हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलते. आधी कंबर दुखते म्हणते, हातपाय गळतात म्हणते, कडेवरच्या पोराचा खोकला दाखवते. मग उठता उठता, दाराकडे बघत हळूच सांगते, "आणि अंगावरून जातं." काय जातं, कधीपासून, कसं, हे विचारेपर्यंत मागची बाई स्टुलावर येऊन बसलेली असते. चिठ्ठीवर एक गोळी लिहिली जाते. ती लागू पडली तर नशीब.

धुपणी, प्रदर, पांढरं जाणं अशी नावं बरीच आहेत आणि ऐकणाऱ्याला ती एकाच दुखण्याची वाटतात. खरं म्हणजे त्या एका वाक्याच्या पोटात निदान चार वेगळे आजार असतात आणि पाचवी गोष्ट मुळात आजारच नसते. एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून ही कृती गोळीपासून सुरू होत नाही, बघण्यापासून सुरू होते. बाईने स्वतः करायच्या गोष्टी यात आहेत, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या आशाताईने लक्षात ठेवायच्याही आहेत.

पायरी १ : नेहमीचं काय ते आधी ओळखा

तोंडात लाळ असते तसा योनीत ओलावा असतो. पाळी संपल्यावर तो कमी असतो. पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, तार धरणारा होतो. पाळी जवळ आली की घट्टसर, पांढरट. कपड्यावर वाळला की फिकट पिवळा डाग राहतो. गरोदरपणात हा स्राव वाढतो. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर त्याला औषध नको.

हा ओलावा फुकट नसतो. लॅक्टोबॅसिलस नावाचे जीवाणू, म्हणजे दही लावणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद, तिथे राहून आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात बाहेरचे जंतू वाढत नाहीत. (याचा अर्थ आत दही लावावं असा नाही. तेही करणाऱ्या बायका आहेत.)

आणखी एक. "पांढरं गेल्याने हाडं झिजतात" हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या मानतात. हाडं झिजत नाहीत. हातपाय गळतात ते बहुतेक वेळा रक्त कमी असल्याने. हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईत ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलही आढळतो, त्याचीही एकदा तपासणी झालेली बरी. अशक्तपणावर पांढऱ्याचं औषध आणि पांढऱ्यावर सलाईनची बाटली, असा उलटा कारभार खाजगीत सर्रास चालतो. सलाईनने खिसा तेवढा हलका होतो.

पायरी २ : कापड उजेडात बघा

रात्री झोपताना धुतलेलं, सुती, शक्यतो पांढरं फडकं घ्या. सकाळी ते दाराशी उजेडात बघा. रंग कसा, पातळ की घट्ट, वास येतो का, आणि अंगाला खाज आहे का. एवढ्या चार गोष्टी दोन-तीन दिवस लक्षात ठेवल्या तरी डॉक्टरचं निम्मं काम होतं.

पातळ, राखाडी-पांढरं, एकसारखं, आणि मासळीसारखा वास. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही. पाळीनंतर आणि संबंधानंतर वास वाढतो, खाज फारशी नसते. यात आतल्या चांगल्या जीवाणूंची संख्या घटून दुसऱ्यांची वाढलेली असते. डॉक्टर याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. बाहेरून कोणी रोग आणून दिला असं यात म्हणता येत नाही, त्यामुळे घरात भांडण नको.

फुटलेल्या दुधासारखं, पांढऱ्या गुठळ्यांचं, वास जवळजवळ नाही, पण खाज अशी की रात्रीची झोप जाते. बाहेरचा भाग लाल, सुजलेला. लघवी त्या भागाला लागली की आग. ही बुरशी, कँडिडा. आपल्याकडे हिचे दिवस म्हणजे आवणीचे. दिवसभर गुडघाभर चिखलात, ओल्या लुगड्याचा काष्टा मांडीत, आणि संध्याकाळी बदलायला वाळलेलं दुसरं नाही. गरोदरपण, मधुमेह, दुसऱ्या कुठल्या आजारासाठी घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्या, यांनीही बुरशी वाढते. वर्षातून तीन-चार वेळा होत असेल तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासावं.

पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, घाण वास, खाज आणि आगही. हा ट्रायकोमोनास नावाचा डोळ्यांना न दिसणारा एकपेशी जीव. तो संबंधातून येतो.

चौथा प्रकार कापडावर ओळखणं अवघड. गर्भाशयाच्या तोंडाला गनोरिया किंवा क्लॅमिडिया झालेला असतो. पूसारखा पिवळा स्राव, संबंधानंतर रक्ताचा डाग, ओटीपोटात जडपणा. पुष्कळदा यातलं काहीच नाही. पुढे गर्भाशयाच्या नळ्या खराब होऊन मूल राहत नाही तेव्हा उलगडा होतो.

ही वर्णनं पुस्तकातली. प्रत्यक्षात एकाच बाईला दोन प्रकार एकत्र असतात आणि रंग सांगतो एक, निघतं दुसरंच. म्हणून कापड बघून घरात निदान ठरवायचं नाही. सांगायला काय न्यायचं ते ठरवायचं.

काहीच त्रास नाही म्हणून निश्चिंत राहावं का? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा (तलासरीतलं वसा वेगळं) आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, आणि जानेवारी १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगापैकी काही ना काही निघालं आणि त्यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. त्यांतल्या बऱ्याच जणींची तक्रारच नव्हती. आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त आठ. गडचिरोली लांब आहे खरी, पण तपासणीच्या टेबलाची लाज दोन्हीकडे सारखीच.

पायरी ३ : हे असेल तर थांबू नका

ओटीपोटात जोराचं दुखणं आणि ताप. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर ताप आणि दुर्गंधी. पाळी चुकलेली असून पोटात एका बाजूला कळ आणि रक्ताचा डाग. गर्भ नळीत राहिला असेल तर जीवावर बेतू शकतं. गरोदर बाईला पांढरं नव्हे, पाण्यासारखं गळतंय. ते गर्भजल असू शकतं. यातलं काहीही असेल तर आशाताईची वाट न बघता १०८ ला फोन करा. गरोदर आणि बाळंतिणीसाठी १०२ ची गाडीही आहे.

पाळी बंद होऊन वर्ष झालं आणि आता रक्त किंवा रक्ताळ पाणी जातंय, हे त्याच दिवशीचं काम नाही, पण त्याच आठवड्यातलं आहे. कर्करोगाची शंका आधी दूर करायची.

लहान मुलीला स्राव येत असेल तर त्याला पांढरं जाणं म्हणून सोडून देऊ नका. जंत असतील, आत काही अडकलं असेल, आणि कोणी तिच्याशी वाईट वागलं असेल हेही असतं. तिला ओरडू नका, दवाखान्यात न्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पायरी ४ : कुठे जायचं, आणि जाताना काय

उपकेंद्रातली नर्सताई किंवा समुदाय आरोग्य अधिकारी पहिलं ऐकून घेतील. तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र: डहाणूत सायवन, गंजाड, ऐना, आशागड वगैरे, तलासरीत उधवा, आमगाव. त्यापुढे तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, कासा आणि डहाणूची उपजिल्हा रुग्णालयं. डहाणूच्याला लोक अजून 'कॉटेज'च म्हणतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत याच आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते. पाटीवर आजाराचं नाव नसतं, हे बरं केलंय.

पाळीच्या दिवसांत जाऊ नका. निघताना आतून धुऊ नका. धुतलेल्या बाईच्या स्रावाची काचपट्टी रिकामी निघते. आधीच्या दोन दिवसांत आत औषध ठेवलेलं नको. शेवटच्या पाळीची तारीख, दिवस गेल्याची शंका, तांबी बसवलेली आहे का, बाळ अंगावर पितंय का, कुठल्या गोळीने अंगावर पुरळ येतं का, आणि मेडिकलमधून आधी काय आणून घेतलं, हे सांगा. त्या गोळ्यांची रिकामी पट्टी असेल तर घेऊन जा.

तपासणी कशी होते ते आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. लघवी करून यायचं, टेबलावर पाय दुमडून आडवं व्हायचं. बदकाच्या चोचीसारखं एक उपकरण हळूच आत घालून उघडतात आणि उजेडात बघतात. गार लागतं, अंग ताठ केलं तर दुखतं, तोंडाने लांब श्वास सोडला तर कमी. दोन-तीन मिनिटांचं काम. डॉक्टर पुरुष असतील तर नर्स जवळ हवी, हे मागायचा तुमचा हक्क आहे. अजून संबंध न आलेल्या मुलीची अशी तपासणी करत नाहीत.

स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हिवताप आणि क्षयाच्या तपासणीला असतो तोच सूक्ष्मदर्शक इथेही चालतो. ट्रायकोमोनास असेल तर वळवळताना दिसतो, मात्र पट्टी लगेच बघायला हवी. गार पडली की तो हलायचा थांबतो आणि मग ओळखू येत नाही. आंबटपणा मोजायचा रंगीत कागदही असतो: आकडा ४.५ च्या वर गेला तर बुरशीची शक्यता कमी, मासळीच्या वासाच्या संसर्गाची आणि ट्रायकोमोनासची जास्त. सोबत एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. तीस वर्षं पूर्ण झाली असतील तर त्याच टेबलावर गर्भाशयाच्या तोंडाची कर्करोगाची चाचणीही करता येते. विचारा, सांगतीलच असं नाही.

पायरी ५ : औषध

सरकारी दवाखान्यात या आजारांची औषधं रंगीत पाकिटांत मिळतात. तपासणीची सोय नसली तरी लक्षणांवरून पूर्ण डोस देता यावा म्हणून ही पद्धत काढली. योनीच्या संसर्गाचं पाकीट हिरवं: सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गाचं करडं: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, तेही एकदाच. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, आणि त्यातल्या गोळ्या १४ दिवस. बरं वाटायला लागलं म्हणून पाचव्या दिवशी पिवळं पाकीट फळीवर ठेवणाऱ्या बायका पुष्कळ. पोटात उरलेला जंतू नंतर नळीत त्रास देतो.

पाकीट नसेल तर मासळीच्या वासाच्या संसर्गाला आणि ट्रायकोमोनासला मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर, ७ दिवस. तोंड धातू चघळल्यासारखं होतं, मळमळतं, लघवी गडद होते, घाबरू नका. बुरशीला फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, नाहीतर क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी १०० मिलिग्रॅम, रोज रात्री एक, ६ ते ७ रात्री. डोस डॉक्टरनेच ठरवायचा. हे आकडे दिलेत ते तुमच्या हातात काय पडलं ते तुम्हाला कळावं म्हणून.

आता ताडी. मेट्रोनिडाझोल आणि सेक्निडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस ताडी-माडी-दारू पूर्ण बंद. उलट्या, छातीत धडधड, तोंड लालबुंद, असं होऊ शकतं आणि मग दोष गोळीला जातो. लग्नसराईत ताडी प्यायची नाही हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड, हे मलाही कळतं. म्हणून तारीख बघून औषध सुरू करा, पण सुरू केलं की मोडू नका.

गरोदर बाईने फ्लुकोनाझोलची गोळी घ्यायची नाही, म्हणजे हिरवं पाकीट तिला जसंच्या तसं द्यायचं नाही. तिला बुरशीसाठी आत ठेवायची क्लोट्रिमाझोलच. आशाताई, हे तुमच्यासाठी: पाकीट हातात देण्याआधी पाळीची तारीख विचारा, नक्की नसेल तर लघवीची तपासणी करा.

आत गोळी ठेवायची रीत. रात्री झोपण्याआधी हात साबणाने धुवा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा. गोळी पाण्यात किंचित ओली करून बोटाने जाईल तितकी आत सरकवा. मग उठायचं नाही. सकाळी पांढरं चुरा-चुरा बाहेर येतं ते औषधच. रोग वाढला म्हणून बंद करू नका. या गोळ्यांनी निरोध कमजोर होतो, तेवढे दिवस संबंध टाळलेले बरे.

पायरी ६ : घरवाल्याचं औषध

ट्रायकोमोनास आणि करड्या पाकिटाच्या आजारात दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. त्याला काही होत नसलं तरी. बुरशी आणि मासळीच्या वासाच्या संसर्गात त्याला त्रास असेल तरच, किंवा तुम्हाला पुन्हा पुन्हा होत असेल तेव्हा डॉक्टरला विचारून.

पुस्तकात हे एका ओळीचं काम आहे. तलासरीच्या पाड्यावर नाही. इथले पुरुष पाऊस ओसरला की खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात, वेरावळ, पोरबंदर, ओखा, ते थेट पुढच्या उन्हाळ्यात परततात. काही जोडपी दिवाळीनंतर वीटभट्टीवर. बाईने जानेवारीत औषध घेतलं, तो मे महिन्यात आला, जूनमध्ये तिला परत तेच. मग "सरकारी गोळीत दम नाही" असं ठरतं. यावर उपाय एवढाच की तो आल्या आल्या, पहिल्या संबंधाआधी, त्याला दवाखान्यात न्यायचं, आणि दोघांचं औषध झाल्यावर सात दिवस संबंध नको. नाहीच जमलं तर निरोध, आशाताईकडे मिळतो.

विचारणाऱ्यांनी "लग्न झालंय का" असं विचारू नये. आपल्याकडे लग्न लागायच्या आधी वर्षानुवर्षं एकत्र नांदणारी जोडपी आहेत, पोरंबाळं झाल्यावर लग्न लागतं. "घरात कोण कोण" विचारलं की उत्तर नीट येतं. आणि कोणाकडून आलं याचा तपास करत बसू नये. ट्रायकोमोनास काही न करता महिनोन्‌महिने अंगात राहू शकतो, त्यामुळे आज सापडला म्हणजे काल कोणी काही केलं असं होत नाही.

करू नये अशा गोष्टी

साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी, लिंबू, जाहिरातीतलं सुगंधी द्रावण, यांतलं काही आत घालायचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. शौचाला गेल्यावर पुढून मागे धुवा. खाजेवर मेडिकलमधून मिळणाऱ्या 'सगळ्यावर एक' मलमात स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज जाते, नंतर बुरशी दुप्पट चिवट होते. पाळीचं कापड साबणाने धुऊन उन्हात, सगळ्यांसमोर वाळू द्या. कुडाच्या फटीत लपवलेलं ओलं कापड पावसाळ्यात वाळत नाही, कुबट होतं. पाऊस चार दिवस हटत नसेल तर चुलीजवळच्या दोरीवर.

आणि गर्भाची पिशवी. पांढरं जातं, पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल, काढून टाका, असं कोणी पंचविशी-तिशीतल्या बाईला सांगितलं तर तिथून उठा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांबाबत २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. सहा-सात दिवसांच्या गोळ्यांनी जाणाऱ्या दुखण्यासाठी ऑपरेशन सुचवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका येते. सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या, केसपेपर सोबत न्या.

पायरी ७ : परत जा

सातव्या दिवशी परत जायचं, बरं वाटत असलं तरी. ट्रायकोमोनास किंवा क्लॅमिडिया निघालेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. औषधाचं रिकामं पाकीट चुलीत घालू नका. वीटभट्टीवर भिवंडीला किंवा वसईला गेलात आणि तिथे पुन्हा त्रास झाला, तर त्या पाकिटाचा रंग बघून तिथल्या डॉक्टरला आधीचं औषध लगेच कळेल. लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवा.